चावणारा कुत्रा घरचा असतो तेव्हा

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवली. इमारतीचे नाव बदलते, प्रसंग साधारण सारखाच असतो. संध्याकाळची वेळ, दोन खोल्यांचा फ्लॅट. घरातला सहा वर्षांचा कुत्रा सोफ्याखाली झोपलेला. चार वर्षांची मुलगी रांगत त्याच्याजवळ जाते आणि गळ्यात हात टाकते. क्षणभर गुरगुर ऐकू येते, मग किंचाळी. मुलीच्या गालावर दातांच्या दोन खुणा आणि त्यातून येणारे रक्त. पुढच्या पंधरा मिनिटांत घरात जे बोलले जाते तेही ठरलेलेच. आजी हळदीचा डबा आणायला धावते. वडील कुत्र्याला दोन फटके देऊन गॅलरीत कोंडतात. कोणी म्हणते, ‘त्याला सगळी इंजेक्शने दिली आहेत, काही होत नाही.’ कोणी म्हणते, ‘आत्ताच्या आत्ता याला घराबाहेर काढा.’ रात्री अकरापर्यंत कुत्रा कर्जतकडच्या कुणाच्या तरी फार्महाउसवर रवाना होतो आणि मुलीला ‘सकाळी बघू’ म्हणून झोपवले जाते.

अशा घरात दोन्ही निर्णय चुकलेले असतात. कुत्र्याबाबत घाई होते आणि मुलीबाबत उशीर. व्हायला हवे ते नेमके उलट.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिले. तेव्हापासून कुत्र्यांचा विषय निघाला की चर्चा रस्त्यावरच्या कुत्र्यांपाशीच थांबते. ती गरजेची आहेच. पण लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांचा अभ्यास जगात जिथे जिथे झाला, तिथे बहुतेक वेळा एक गोष्ट पुढे आली: लहान मुलाला चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा असतो, घरातला, शेजारचा किंवा मामाकडचा. मोठ्या माणसाला चावा बहुधा हातापायावर बसतो. लहान मुलाचे तोंडच कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, म्हणून त्याला तो चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा मानेवर बसतो. रेबीजच्या दृष्टीने याच जागा सर्वांत धोक्याच्या. विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि तंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. पायापासूनचा प्रवास लांबचा, गालापासूनचा जवळचा. लक्षणे दिसायला सर्वसाधारणपणे दोन-तीन महिने लागतात, पण हा काळ एका आठवड्याइतका कमी किंवा वर्षभराइतका मोठाही असू शकतो. लक्षणे सुरू झाली की मात्र वैद्यकशास्त्राच्या हातात जवळपास काही उरत नाही. जे करायचे ते त्याआधीच करावे लागते.

त्यातले पहिले काम डॉक्टरांचे नाही, घरच्यांचे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साधा अंगाचा साबण ते फोडतो. कपडे धुण्याचा साबणही चालतो. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला न्हाणीघरात पंधरा मिनिटे धरून ठेवणे किती अवघड असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल. म्हणूनच बहुतेक घरांत ही धुलाई दोन मिनिटांत आटोपते. नळाला पाणी नसेल तर बादली आणि मग पुरतो. चेहऱ्यावरची जखम असेल तर डोळे सांभाळून पाणी सोडावे. त्यानंतर घरात पोव्हिडोन आयोडिन असेल तर ते लावावे. बाकी काही नाही. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफीची पूड, यांतली प्रत्येक गोष्ट जखमेची आग करते आणि विषाणूला आणखी आत ढकलण्याचा धोका वाढवते. आजीला हे त्या क्षणी समजावणे कठीण जाते. तिच्या हाती मुलीची पाण्याची बाटली आणि आरोग्याची फाइल द्यावी आणि रुग्णालयाच्या वाटेला लागावे.

रुग्णालयात जखमेची वर्गवारी होते. कुत्र्याने चाटले पण कातडी अखंड आहे, ही पहिली श्रेणी; तिथे फक्त धुणे पुरते. दात घासला, ओरखडा उठला पण रक्त नाही, ही दुसरी. तिथे लस लागते. कातडी भेदली गेली, रक्त आले किंवा लाळ डोळ्यांत, तोंडात वा उघड्या जखमेवर गेली, ही तिसरी. तिथे लसीबरोबर तयार प्रतिपिंडेही लागतात. या तिसऱ्या श्रेणीबाबत आपल्याकडे सर्वाधिक ढिलाई होते. लस घेतल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवू लागते, पण त्याला आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ जातो. मधल्या दिवसांत विषाणूला जखमेतच अडवण्याचे काम इम्युनोग्लोब्युलिन करते. ते दंडात किंवा मांडीत टोचून भागत नाही, जखमेत आणि जखमेभोवती भरावे लागते. गालावरच्या जखमेत सुई घालताना मुलगी ओरडणार आणि आईबाप ‘राहू द्या’ म्हणणार. ते राहू द्यायचे नसते. पहिल्याच दिवशी ते देणे उत्तम. काही कारणाने राहून गेलेच, तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात कुत्रे चावलेल्या काही मुलांचा लस सुरू होऊनही मृत्यू झाला. तेव्हा ‘लस निकामी’ अशी ओरड झाली. डोक्या-चेहऱ्यावरचे किंवा मज्जातंतूंचे जाळे दाट असलेल्या जागांचे खोल चावे, आणि जखम धुण्यात व उपचारात गेलेला वेळ, या गोष्टी लसीलाही हरवू शकतात, हा त्यातला खरा धडा होता.

टाक्यांचेही असेच आहे. चेहऱ्यावर व्रण राहील या भीतीने पालक लगेच टाके घालायचा आग्रह धरतात. आधी इम्युनोग्लोब्युलिन, मग गरज असेल तरच टाके, हा क्रम बदलता येत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक यांचे डॉक्टर ठरवतील. कुत्र्याच्या तोंडातले इतर जीवाणूही जखम चिघळवायला पुरेसे असतात.

लस महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत मिळते. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी ही उपनगरांतली ओळखीची ठिकाणे. इम्युनोग्लोब्युलिन मात्र प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी फोन करून विचारून घ्यावे, मुलाला धरणाऱ्याने रिक्षा पकडावी. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही काही घरांत जिवंत आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी लस होती आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता दंडाच्या त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. अगदी लहान मुलांना ती दंडाऐवजी मांडीत देतात, कुल्ल्यात मात्र कधीच देत नाहीत. माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तापासून मिळणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनला पर्याय म्हणून पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले एकल प्रतिपिंडाचे औषधही काही वर्षांपासून वापरात आहे.

‘पण आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ हे वाक्य डॉक्टरांना दररोज ऐकावे लागते. कुत्र्याचे लसकार्ड सोबत न्यावेच, त्याचा उपयोग होतो. पण लस दिली म्हणजे ती लागू झालीच, याचा पुरावा कार्डात नसतो. डोस चुकलेला असू शकतो, लस नीट थंड ठेवली गेली नसेल, पिल्लाला ती फार लवकर दिली गेली असेल. म्हणून आपल्याकडचा नियम सरळ आहे: उपचार आधी सुरू करायचे, कुत्र्याची चौकशी नंतर. पिल्लांबाबत तर अधिकच. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचा २२ वर्षांचा एक कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यातून वाचवलेल्या पिल्लाचा दात त्याच्या बोटाला लागला होता आणि तो त्याने किरकोळ समजून सोडून दिला होता.

आता कुत्र्याकडे. कर्जतला पाठवलेल्या त्या कुत्र्याबरोबर मुलीच्या उपचारातली एक महत्त्वाची माहितीही घराबाहेर गेलेली असते. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो मेंदूपर्यंत पोहोचून तिथून लाळग्रंथींत उतरल्यानंतर, म्हणजे आजाराच्या अगदी अखेरच्या टप्प्यात. चावला त्या दिवशी लाळेत विषाणू असेल, तर तो कुत्रा पुढच्या दहा दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवसांनीही तो नेहमीसारखा खात-पीत, शेपटी हलवत असेल, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही. तिला लागते फक्त एक गोष्ट: कुत्रा जिवंत आणि डोळ्यांसमोर असणे. कुत्रा ठणठणीत राहिला तर उरलेल्या मात्रांत बदल करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. तो आरेच्या रस्त्यावर सोडून दिलेला असेल, किंवा रागाच्या भरात मारलेला असेल, तर ठरवायला काहीच उरत नाही. शिवाय पाळीव प्राणी असा वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, ते वेगळेच.

दहा दिवसांचा हा हिशेब फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू होतो. बोरिवली आणि मुलुंडच्या नॅशनल पार्कलगतच्या इमारतींत माकडे खिडकीतून आत येतात. माकड चावले तर वाट पाहण्यात काही अर्थ नसतो, पूर्ण उपचारच घ्यावे लागतात.

या दहा दिवसांत कुत्रा घरात कसा ठेवायचा? मुलापासून वेगळा. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळते तसले आडवे फाटक लावून, किंवा एका खोलीत, किंवा मूल नसलेल्या नातेवाइकाच्या घरी. पण रोज ज्याला फोन करून विचारता येईल अशाच. फिरवायला नेताना पट्टा आणि मुसके. खाणे सोडले, आवाज बदलला, पाय लटपटू लागले, अंधारात तोंड खुपसून बसू लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्य आणि मुलाचे डॉक्टर दोघांनाही कळवायचे. पिसाळलेला कुत्रा नेहमी अंगावरच धावून येतो असे नाही. काही कुत्रे नुसते गप्प होतात आणि त्यांचा खालचा जबडा लोंबू लागतो. घशात हाड अडकले असेल म्हणून अशा वेळी त्याच्या तोंडात हात घालणे फार धोक्याचे.

पशुवैद्याकडे न्यायचे आणखी एक कारण आहे. २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी मुलांना चावलेल्या शंभरेक कुत्र्यांची तपासणी केली. त्यांतल्या निम्म्यांना काही ना काही आजार किंवा दुखणे असण्याची शक्यता दिसली, आणि दोन-तृतीयांश कुत्रे त्याआधी कधीच मुलाला चावले नव्हते. ‘आमचा मोती असा नाहीच’ हे वाक्य म्हणूनच खरेही असते आणि निरुपयोगीही. कान दुखत असेल, कंबरेचा सांधा आखडलेला असेल, तर ज्या मिठीला तो पाच वर्षे सहन करत आला तीच मिठी एके दिवशी सहन होत नाही. याच अभ्यासात घरातल्या लहान मुलांना झालेले चावे अधिक करून खाण्याच्या भांड्याजवळ किंवा कुत्र्याने आपली मानलेल्या वस्तूजवळ झालेले आढळले. मुलाने दगड मारला, छळ केला, असे काही घडावे लागत नाही.

आणि कुत्रा आधी सांगतो. तो मान फिरवतो, ओठ चाटतो, अवेळी जांभई देतो, उठून दुसरीकडे जातो. तिथेही मूल मागे आले तर अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. चावणे हे त्याचे शेवटचे वाक्य असते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात मुलांना कुत्र्यांच्या चेहऱ्यांच्या चित्रफिती दाखवून पाहिले, तेव्हा दात विचकणारा कुत्रा पुष्कळ लहान मुलांना ‘हसतोय’ असा वाटला. चार वर्षांच्या मुलीला हे वाचता येत नाही. ते मोठ्यांनी वाचायचे असते. आपल्याकडे उलट, गुरगुरला की फटका देण्याची पद्धत आहे. फटके खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

दहा दिवस सरले, मुलीची जखम भरत आली, मग खरा प्रश्न समोर येतो. कुत्रा राहणार की जाणार? इथे ठोकळेबाज उत्तर देणारा कुणीही भेटला तर त्याच्यापासून सावध राहावे, मग तो प्राणिमित्र असो की सोसायटीचा सेक्रेटरी. चावा किती खोल होता, हे पहिले पाहावे. प्राणिवर्तनतज्ज्ञ इयन डनबार यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत. दात लागला पण कातडी फाटली नाही, किंवा एकाच चाव्याच्या उथळ खुणा आहेत, तर कुत्र्याने स्वतःला आवरले असा त्याचा अर्थ. जखम सुळ्याच्या निम्म्या लांबीहून खोल असेल, त्याने धरून झटके दिले असतील किंवा पुनःपुन्हा चावा घेतला असेल, तर प्रकरण वेगळे. दुसरे, कारण सापडते का? झोपेतून दचकला, दुखत होते, हाड हिसकावले, हे समजण्यासारखे आणि पुढे टाळता येण्यासारखे आहे. काहीही न घडता चालत येऊन चावला, तर नाही. तिसरे, कुत्र्याचा आकार. पॉमेरेनियन आणि रॉटवायलर यांचा राग एकसारखा असला, तरी परिणाम एकसारखा नसतो. जातीवरून बंदी घालण्याचा केंद्राचा २०२४ चा २३ जातींचा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केला, पण घरच्या निर्णयात जबड्याची ताकद मोजावीच लागते.

चौथी गोष्ट बहुतेक सल्ल्यांत येतच नाही: घरात लक्ष ठेवणारे कोण आहे? आईवडील सकाळच्या लोकलने कामावर जातात. मूल आणि कुत्रा दोघांची जबाबदारी सत्तरीच्या आजीवर किंवा घरकामाच्या ताईंवर पडते. लक्ष ठेवणे म्हणजे त्याच खोलीत मोबाइल बघत बसणे नव्हे. कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये हात घालता येईल इतके जवळ असणे. ४५० चौरस फुटांत कुत्र्याला मूल पोहोचणार नाही असा एकही कोपरा देता येत नसेल आणि मूल तीन वर्षांचे असेल, तर उथळ चाव्यानंतरही कुत्र्यासाठी दुसरे घर शोधणे हा प्रामाणिक निर्णय असू शकतो. त्यात अपराध नाही. अपराध आहे तो नव्या मालकाला ‘खूप शांत आहे हो’ असे सांगून कुत्रा देण्यात. तो मूल नसलेल्या, कुत्र्यांचा अनुभव असलेल्या माणसाकडे आणि सगळा इतिहास सांगूनच द्यायला हवा. ज्या कुत्र्याने गंभीर जखमा केल्या, ज्याचे कारण सापडत नाही आणि ज्याला कुठेही सुरक्षित ठेवता येत नाही, त्याच्याबाबत पशुवैद्य वेदनारहित मृत्यूचा पर्याय सांगू शकतात. असे कुत्रे थोडे असतात, पण असतात. तो निर्णय पहिल्या रात्री घेऊ नये आणि वर्षभर टाळूही नये.

चावलेले मूल दुसऱ्याचे असेल तर गोष्ट घरात राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नेपियन सी रोडवर २०१० साली रॉटवायलरने केलेल्या हल्ल्याबद्दल मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला, मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला आणि मालक हसत राहिला, ती चित्रफीत साऱ्या शहराने पाहिली. सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही हे खरे, पण लिफ्टमध्ये आखूड पट्टा धरणे ही मालकाने कुणावर केलेली मेहेरबानी नव्हे. घरकामाच्या ताईंच्या मुलाला कुत्रा चावला तर पहिल्या मात्रेपासून शेवटच्यापर्यंत त्याला रुग्णालयात नेणे आणि ताईंचा बुडालेला पगार न कापणे, हे कायद्यात लिहिलेले नसले तरी मालकाचेच काम.

महापालिकेकडे पाळीव कुत्र्याचा परवाना काढणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. किती घरांतून तो निघतो, हे आपल्याच इमारतीत विचारून पाहावे. गोव्याने २०१४ पासून सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांच्या मदतीने घरोघरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना दरवर्षी लस देण्याचा प्रयत्न केला, सोबत शाळांतून मुलांना शिकवले आणि संशयित कुत्र्यांवर नजर ठेवली. तिथे कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. मुंबईला ते अशक्य का असावे? मुलांना शिकवायचे ते हेच, की कुत्रा चावला तर घरी सांगायचे.

ते सोपे नसते. कुत्रा घरचा असेल तर मुलाला पक्के ठाऊक असते की आपण सांगितले तर त्याला हाकलतील. मग बोटावरचा ओरखडा खिशात लपतो. ‘तूच खोड काढली असशील’ हे एकदा ऐकलेले मूल दुसऱ्या वेळी तोंड उघडत नाही. म्हणून त्या पहिल्या रात्री, रुग्णालयातून परतल्यावर, मुलीला दोन गोष्टी सांगाव्यात: तिने सांगितले हे बरे केले, आणि कुत्र्याचे काय करायचे ते आज ठरणार नाही. मग पुढच्या तारखा केसपेपरवरून पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. तिसरा दिवस, सातवा दिवस, अठ्ठाविसावा दिवस. आणि चावलेल्या दिवसापासून मोजलेला दहावा दिवस कुत्र्याच्या नावाने.